जुनी मोठ्या बोअरची रायफल : ग्राह्याग्राह्यविचार

प्रस्तुत विवेचनात ‘मोठ्या बोअरची शिकारी रायफल’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने योजली आहे. जिच्या नळीचा व्यास .375 इंच किंवा त्याहून अधिक आहे, जी धूरविरहित दारूच्या काडतुसासाठी घडविली आहे, आणि हत्ती, आफ्रिकी रानरेडा, पाणघोडा अशा उलट चाल करून येणाऱ्या महाकाय प्राण्याला थोड्या अंतरावरून जागच्या जागी पाडणे हे जिचे मूळ प्रयोजन आहे, ती मोठ्या बोअरची रायफल. लक्षणातील तिन्ही पदे आवश्यक आहेत. व्यासाचे पद गाळले तर हरणांच्या शिकारीची कोणतीही रायफल लक्षणात शिरते. दारूचे पद गाळले तर एकोणिसाव्या शतकातील काळ्या दारूच्या रायफली आत येतात; त्यांची परीक्षा निराळ्या निकषांनी करावी लागते, आणि या दोन वर्गांची गफलत जीवघेणी ठरू शकते, हे पुढे दिसेल. प्रयोजनाचे पद गाळले तर फार दूरच्या लक्ष्यासाठी बनविलेली .50 व्यासाची आधुनिक रायफलही आत येते. तिचा विचार येथे कर्तव्य नाही.

‘जुनी’ म्हणजे जिची मालकी एकदा तरी बदलली आहे अशी. केवळ वय हा या शब्दाचा अर्थ नव्हे. दहा वर्षांपूर्वी प्रागमध्ये किंवा न्यू हेवनमध्ये विकली गेलेली रायफल आणि 1910 साली लंडनमध्ये घडलेली रायफल या दोन्ही येथे जुन्याच आहेत. ‘निर्णय’ याचे तीन पर्याय संभवतात : ग्राह्य, सशर्त ग्राह्य आणि त्याज्य. मधला पर्याय सर्वांत वारंवार येतो आणि त्याच पर्यायात खरेदीदार सर्वाधिक फसतो, म्हणून अट म्हणजे काय हेही शेवटी निश्चित करावे लागेल.

येथे पूर्वपक्ष असा : वापराने प्रत्येक यंत्र झिजते, रायफल हे यंत्र आहे, म्हणून जुनी रायफल नवीपेक्षा कमी प्रतीची असणारच. सामान्य बोअरच्या रायफलीबाबत हा पक्ष बराचसा खरा आहे. प्रस्तुत वर्गाबाबत मात्र त्यातील पहिले विधानच लंगडे पडते. .470 नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसातून 500 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 2150 फूट वेगाने सुटते आणि सुमारे 11 पौंड वजनाच्या रायफलीचा खांद्यावर येणारा धक्का 60 फूट-पौंडांहून अधिक असतो. .30-06 या प्रचलित काडतुसाचा धक्का 20 फूट-पौंडांच्या आसपास असतो. तिपटीने अधिक धक्का आणि कित्येक पटींनी महाग काडतूस या दोन कारणांमुळे या रायफलीतून आयुष्यभरात फार थोड्या फैरी झडतात. आफ्रिकेत एकदोनदा जाऊन आलेल्या हौशी शिकाऱ्याची रायफल बहुधा जवळजवळ कोरीच असते. हत्तींच्या नियंत्रणासाठी सरकारी वन्यजीव खात्यांनी वापरलेल्या आणि व्यावसायिक शिकाऱ्यांनी बाळगलेल्या रायफली हा याला अपवाद. पण तो ओळखू येतो, कारण तिथे लाकूड, धातूवरील निळाई आणि नळी ही तिन्ही सारख्याच प्रमाणात झिजलेली असतात.

यावरून ऱ्हासाचे तीन प्रकार वेगळे करता येतात. फैरींमुळे होणारा तो प्रयोगज ऱ्हास. हवा, आर्द्रता, क्षार आणि दुर्लक्ष यांमुळे होणारा तो कालज ऱ्हास. मालकाने किंवा कारागिराने केलेल्या फेरबदलांमुळे होणारा तो हस्तक्षेपज ऱ्हास. या वर्गात पहिला अल्प, दुसरा मध्यम आणि तिसरा सर्वांत घातक असतो. खरेदीदार सामान्यतः याच्या नेमका उलट क्रम धरतो : नळीत डोकावतो, आटे चकाकताना पाहतो आणि समाधान पावतो. चकाकणारे आटे हे पहिल्या प्रकाराच्या अभावाचे प्रमाण आहे. तिसऱ्याविषयी ते काहीच सांगत नाहीत. पुढील संपूर्ण विवेचन या एका भेदावर उभे आहे.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध असे चार अनुबंध सांगण्याची आपल्याकडील पद्धत आहे. येथेही ती उपयोगी आहे, मात्र क्रम बदलून. विषय, म्हणजे प्रत्यक्ष रायफल, शेवटी घ्यावी. कारण हातात घेतलेली उत्तम रायफल उरलेल्या तिन्ही प्रश्नांचा विसर पाडते.

प्रयोजन तीन प्रकारचे असते : शिकार, लक्ष्यवेध आणि संग्रह. शिकारीचे प्रयोजन स्थळाने मर्यादित आहे. केनियात 1977 पासून शिकार बंद आहे. टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत ती परवान्याने चालते आणि धोकादायक प्राण्यांसाठी .375 हा किमान व्यास अनेक ठिकाणी नियमाने किंवा रूढीने ठरलेला आहे. भारतात हे प्रयोजन 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संपुष्टात आले. संस्थानिकांच्या आणि चहामळेवाल्यांच्या घराण्यांत वारशाने आलेल्या दुनळी रायफली 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्यावर आजही आहेत. परंतु 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणतः दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे अशी रायफल ठेवणे म्हणजे दुसऱ्या एखाद्या शस्त्राची जागा अडविणे होय. भारतीय वाचकाच्या दृष्टीने प्रस्तुत प्रश्न प्रायः संग्रहाचा आहे. खरेदीचा जिवंत प्रश्न आफ्रिकेत, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत उद्भवतो, आणि विवेचन तेथीलच आहे.

कायदा हा प्रयोजनाचाच भाग मानावा. दक्षिण आफ्रिकेत 2000 च्या शस्त्रनियंत्रण अधिनियमाप्रमाणे आधी पात्रतेचे प्रमाणपत्र आणि मग प्रत्येक शस्त्रासाठी स्वतंत्र परवाना लागतो. परवाना येईपर्यंत रायफल विक्रेत्याकडेच राहते. ब्रिटनमध्ये 1968 च्या अधिनियमाप्रमाणे पोलिसांपुढे समर्थनीय कारण मांडावे लागते, आणि आफ्रिकेतील शिकारीचे आरक्षण हे असे एक कारण होऊ शकते. अमेरिकेत 1898 किंवा त्यापूर्वी घडलेल्या रायफलीला संघीय कायदा पुराणवस्तू मानतो, तर अर्ध्या इंचाहून अधिक व्यासाच्या .577 व .600 या रायफली शिकारोपयोगी शस्त्रांच्या अपवादात बसतात याची खात्री करून घ्यावी लागते. पैसे देण्यापूर्वी हे प्रश्न सुटलेले असले पाहिजेत, नंतर नव्हे.

आता अधिकारी. येथेही एक जुना पूर्वपक्ष आहे. कॅरमोजो बेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य .275 व्यासाच्या लहान रायफलीने. मग मोठा बोअर हवाच कशाला? उत्तर असे की बेल यांचा वेध अचूक होता, हत्तीच्या कवटीच्या रचनेचा त्यांनी अभ्यास केला होता आणि बेसावध कळपाजवळ जाण्याची संधी त्यांना होती. मोठा बोअर अचूकतेची जागा घेत नाही. जखमी जनावर दहा पावलांवरून धावून येते तेव्हा त्याला थांबविण्याची शक्यता तेवढी वाढवितो. म्हणून जो मनुष्य .375 ची गोळी शंभर यार्डांवर उभ्याने नेमक्या जागी घालू शकत नाही, तो .470 घेऊन अधिक समर्थ होत नाही. तो अधिक जखमी जनावरे मागे सोडतो. जखमी होऊन झुडपात शिरलेला रानरेडा तासन्तास वेदना भोगतो आणि माग काढणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि तो मागकरी बहुधा स्थानिक गरीब मजूर असतो. खरेदीच्या निर्णयात हा नैतिक घटक बाहेरून आणलेला नाही. रायफलीच्या लक्षणातच तो अंतर्भूत आहे.

अधिकाराची परीक्षा साधी आहे. उसन्या किंवा भाड्याच्या रायफलीतून, खऱ्या काडतुसांमध्ये न कळत एखादे खोटे काडतूस मिसळून, उभ्याने झाडून पाहावे. खोट्या काडतुसावर चाप ओढताना नळीचे तोंड खाली डुचमळले तर खांद्याला धक्क्याची भीती बसली आहे. ही भीती सरावाने जाते, पण सराव .375 वर करावा लागतो. या काडतुसाची 300 ग्रेनची गोळी सुमारे 2530 फूट वेगाने जाते आणि धक्का .470 च्या दोनतृतीयांश असतो. हॉलंड अँड हॉलंडने 1912 साली काढलेले हे काडतूस एक शतकानंतरही पहिल्या मोठ्या रायफलीसाठी सर्वांत निर्दोष निवड ठरते, असे स्पष्ट म्हणावे लागते.

संबंध म्हणजे रायफल आणि काडतूस यांचा संबंध. येथे इतिहास जाणल्याशिवाय गती नाही. जॉन रिग्बी अँड कंपनीने 1898 साली काळ्या दारूच्या जुन्या 3¼ इंची पुंगळीत कॉर्डाइट ही धूरविरहित दारू भरून .450 नायट्रो एक्स्प्रेस काढले आणि या सबंध वर्गाचा पाया घातला. पुंगळी तीच राहिल्यामुळे एक धोका जन्मला, तो आजही जिवंत आहे : केवळ काळ्या दारूचा दाब सोसण्यासाठी बनविलेल्या .450 एक्स्प्रेस रायफलीत नायट्रो काडतूस बेमालूम बसते. .500 आणि .577 यांच्या तीन इंची पुंगळ्यांचीही हीच कथा. म्हणजे काडतूस चेंबरमध्ये बसणे हे ते झाडण्यास योग्य असल्याचे प्रमाण नव्हे. प्रमाण एकच, नळीखालच्या सपाट भागावरील प्रूफ हाउसचे, म्हणजे शस्त्रांची दाबपरीक्षा घेणाऱ्या संस्थेचे, ठसे. लंडन व बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाउसांनी 1954 पूर्वीच्या ठशांत कॉर्डाइटचे ग्रेनमधील वजन आणि गोळीचे वजन नोंदविले आहे. त्यानंतरच्या अनेक ठशांत दाब चौरस इंचाला टनांत दिलेला असतो. कॉर्डाइटचा किंवा नायट्रोचा उल्लेख नसेल तर ती रायफल आपल्या लक्षणाबाहेरची आहे. अमेरिकेत सरकारी प्रूफ बंधनकारक नाही, म्हणून तेथे घडलेल्या रायफलीवर उत्पादकाचाच ठसा आढळतो. तो दोष समजू नये.

दुसरा टप्पा भारताशी थेट जोडलेला आहे. बंडखोरांच्या हाती गेलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून 1907 साली ब्रिटिश सत्तेने भारतात .450 व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली. भारत ही तेव्हा मोठ्या रायफलींची मोठी बाजारपेठ होती. परिणामी इंग्रज बंदूककारांना व्यास थोडा बदलून नवी काडतुसे पुढे आणावी लागली : .470, .475 क्रमांक 2, .476 वेस्टली रिचर्ड्स, .500/465. शक्तीने ही सर्व जवळजवळ समान. भेद केवळ व्यासाचा आणि निर्मात्याच्या हक्काचा. आज खरेदीदारासमोर जी विविधता दिसते ती बव्हंशी एका सरकारी हुकमाची संतती आहे, प्राणिशास्त्राची किंवा यंत्रशास्त्राची गरज नव्हे. म्हणून या काडतुसांतून निवड करताना शक्तीची तुलना करीत बसणे निरर्थक. तुलना उपलब्धतेचीच करावी.

उपलब्धतेचे महत्त्व पुढील घटनेने सिद्ध झाले. ही काडतुसे बनविणाऱ्या ब्रिटनमधील किनॉक कंपनीने 1960 नंतर टप्प्याटप्प्याने नायट्रो एक्स्प्रेस काडतुसे बंद केली आणि उत्तम रायफली दोन दशके मुक्या झाल्या. पुंगळ्या लेथवर कातून घेण्यापर्यंत मालकांची मजल गेली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फेडरल कंपनीने .470 चे उत्पादन सुरू केले आणि त्या एका बोअरचे भाग्य इतरांपासून वेगळे झाले. आजची स्थिती तीन श्रेणींत मांडता येते. .375, .416 रिग्बी, .458 विंचेस्टर आणि .470 ही काडतुसे एकाहून अधिक कारखाने बनवितात. .404 जेफ्री, .500 आणि तीन इंची .450/400 ही मर्यादित प्रमाणात मिळतात. जिम कॉर्बेट यांच्याजवळची दुनळी जेफ्री रायफल या .450/400 घराण्यातील होती. पण या नावाची 3¼ इंची पुंगळीही आहे आणि ती परस्पर चालत नाही, हे ध्यानात असावे. तिसऱ्या श्रेणीत .475 क्रमांक 2, .476, .500/465 आणि तत्सम येतात. यांसाठी मालकाला स्वतः काडतुसे भरता आली पाहिजेत. .475 क्रमांक 2 तर दोन प्रकारची आहे : जेफ्रीच्या रायफलींना .488 इंचाच्या आसपासची गोळी लागते, इतरांच्या रायफलींना .483 ची. नाव एक, गोळ्या दोन. नळी मोजल्याशिवाय अशी रायफल घेणे हा अविचार होय. किमान शंभर काडतुसे, किंवा शंभर पुंगळ्या व गोळ्या, रायफलीबरोबरच हाती येत असतील तरच तिसऱ्या श्रेणीचा विचार करावा.

गोळीच्या रचनेचाही संबंध येथेच सांगणे उचित. शिशाच्या गाभ्याची जुनी गोळी आट्यांत दबून बसते. संपूर्ण तांब्याची किंवा पितळेची आधुनिक गोळी तितकी दबत नाही, आणि इंग्रजी दुनळी रायफलींच्या पातळ नळ्यांत तिने निर्माण केलेल्या ताणामुळे आतील आट्यांचा ठसा नळीच्या बाहेरील पृष्ठावर उमटल्याची उदाहरणे आहेत. पाहण्यास आलेली नळी तिरप्या उजेडात फिरवून बाहेरून पाहावी. मंद पेचदार सावली दिसली तर हे नुकसान आधीच झालेले आहे आणि ते दुरुस्त होत नाही.

विषयाकडे, म्हणजे रायफलीच्या परीक्षेकडे आता वळता येते. रायफलींची मुख्य कुळे दोन : दुनळी आणि मॅगझिन. दुनळीत एकाच दस्त्यावर दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप, म्हणजे वस्तुतः दोन स्वतंत्र रायफली असतात. एक निकामी झाली तरी दुसरी उरते आणि दुसरी गोळी क्षणात सुटते. मॅगझिन रायफल बहुधा पॉल माउझर यांच्या 1898 च्या रचनेची वंशज असते. तिच्यात बोल्टच्या कडेचे पंजासारखे एक्स्ट्रॅक्टर काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच पकडते आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. विंचेस्टर मॉडेल 70 मध्येही हाच गुण 1964 पर्यंत होता. त्या वर्षी तो काढला गेला आणि 1990 च्या दशकात परत आला. धोकादायक जनावरासमोर घाईत बोल्ट अर्धवट ओढला जातो, आणि अशा वेळी पंजाची पकड उपयोगी पडते. म्हणून मधल्या काळातील मॉडेल 70 स्वस्त मिळाली तरी प्रस्तुत प्रयोजनासाठी ती दुय्यम समजावी.

कालज ऱ्हास प्रथम घेऊ, कारण तो थोडक्यात संपतो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्लोरेटमुळे फैरीनंतर नळीत क्षार उरत असे. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे नित्य तेल लावून ठेवलेली नळीसुद्धा बंगालच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात आतून गंजत असे. चेंबरपुढच्या दोनचार इंचांतील काळे खड्डे ही त्या काळाची खूण. सूक्ष्म दुर्बिणीतून ते भयंकर दिसतात. तथापि पन्नास यार्डांवर झाडावयाच्या जड गोळीला मध्यम खड्ड्यांचा विशेष अडथळा होत नाही, आणि केवळ त्यांवरून रायफल त्याज्य ठरविणे अतिरेकाचे आहे. चेंबरमधील खड्डे मात्र गंभीर, कारण फुगलेली पुंगळी त्यांत रुतते आणि निघत नाही. लाकडाच्या बाबतीत तेल मुरून काळा व मऊ झालेला भाग, लॉकप्लेटच्या मागील चीर, आणि मॅगझिन रायफलीत मॅगझिन व चाप यांच्या मधल्या अरुंद लाकडातील चीर पाहावी. सीझेड 550 सारख्या भक्कम रायफलींतही पोलाद लाकडात नीट बसविले नसेल तर ही मधली चीर धक्क्याने पडते. ती दुरुस्त होते, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

प्रयोगज ऱ्हास दुनळीत बिजागरीवर दिसतो. पुढचे लाकूड काढून, रायफल बंद करून, दस्ता धरून नळ्या हलवून पाहाव्यात. लाकूड जागेवर असताना त्यातील स्प्रिंग ढिलेपणा झाकते. बंद रायफल उजेडासमोर धरली असता नळ्यांचे मागचे तोंड आणि ॲक्शन यांमध्ये प्रकाशाची रेघ दिसू नये. वरचा खटका मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत असेल तर झिजेला अजून वाव आहे. डावीकडे सरकला असेल तर वाव संपला आहे. सुटी नळीजोडी टांगून बोटाने ठोकावी : खणखणीत नाद म्हणजे मधल्या पट्टीचा डाक शाबूत, बोदा आवाज म्हणजे तो कुठेतरी सुटलेला. मॅगझिन रायफलीत कारागिराकडून मापकांनी चेंबरची खोली तपासून घेणे पुरेसे होते.

हस्तक्षेपज ऱ्हासाकडे अधिक वेळ द्यावा लागतो. त्याचे दोन भेद करता येतात : दर्शनी आणि गूढ. दर्शनी हस्तक्षेप म्हणजे कापलेला दस्ता, नंतर लावलेला रबरी तक्क्या, दुर्बिणीसाठी पाडलेली भोके, पुन्हा चढविलेली निळाई. हे किंमत कमी करतात, सुरक्षितता क्वचितच. मात्र निळाईबाबत एक सूचना आवश्यक : नवी निळाई देण्यापूर्वी पृष्ठभाग घासला जातो, आणि ठसे व अक्षरे बोथट झालेली असतील तर नळीची जाडीही कमी झाली आहे असे अनुमान काढावे.

गूढ हस्तक्षेप डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला, चेंबर बदलणे. 1956 साली विंचेस्टरने .458 मॅग्नम अडीच इंची पुंगळीत आणले, म्हणजे ते सामान्य लांबीच्या ॲक्शनमध्ये बसावे. पुंगळी आखूड असल्याने दारू ठासून भरावी लागे. कालांतराने ती गोळा होऊन गोळीचा वेग अपेक्षेहून बराच घटल्याच्या तक्रारी आफ्रिकेतून आल्या. 1971 साली जॅक लॉट यांनी 2.8 इंची पुंगळीचे .458 लॉट काढले आणि असंख्य जुन्या .458 रायफलींची चेंबरे त्यासाठी लांबविली गेली. बदल सोपा, म्हणून अनेकदा नोंद न करता केलेला. परिणाम असा की ठसा विंचेस्टरचा आणि चेंबर लॉटचे अशी रायफल बाजारात येते. तिच्यात विंचेस्टरचे काडतूस चालतेही, परंतु मॅगझिनची पेटी आणि काडतूस वर आणणारा उतार लांबविलेले नसतील तर लॉटचे काडतूस नेमके घाईच्या वेळी अडकते. त्यामुळे कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून साचा घेणे आणि मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून व्यास मोजणे या दोन क्रिया कोणत्याही खरेदीत टाळू नयेत.

दुसरा गूढ हस्तक्षेप माउझरच्या लष्करी ॲक्शनचा. 7.92 मिलिमीटरच्या आखूड काडतुसासाठी बनविलेल्या ॲक्शनमध्ये .375 चे लांब काडतूस बसविण्यासाठी पुढचा उतार कापला जातो. त्या उताराच्या लगत बोल्टच्या खालच्या कुलपी दाताला आधार देणारे पोलाद आहे. कारागीर संयमी असेल तर आधार पुरेसा उरतो. नसेल तर दर फैरीगणिक तो दात मागे दबत जातो, चेंबरची खोली वाढते आणि एके दिवशी पुंगळी फुटते. या वर्गातील अनेक ‘स्वस्त आणि सुंदर’ .375 रायफली अशाच रूपांतरित आहेत. मोठ्या लांबीची मॅग्नम माउझर, ब्रनोची झेडकेके 602 किंवा तिची वारस सीझेड 550 यांना हे कापकाम लागतच नाही. हा फरक किमतीतील फरकापेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि ज्याला पोलाद वाचता येत नाही त्याने रूपांतरित ॲक्शन सरळ नाकारावी.

तिसरा हस्तक्षेप दुनळीच्या नियमनाचा. दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. पुढच्या टोकाकडे त्या किंचित जवळ आणलेल्या असतात, कारण धक्क्याने उजवी नळी उजवीकडे व वर, डावी डावीकडे व वर उसळते. निर्मात्याचा कारागीर विशिष्ट काडतूस झाडून, तोंडाजवळची पाचर सरकवून, डाक पुन्हा वितळवून दोन्ही गोळ्या एकत्र पडेपर्यंत हे काम करतो. वाकण्याचा आणि उसळण्याचा हा तोल एकाच वजनाच्या गोळीला व एकाच वेगाला लागू असतो. गोळी मंद असेल तर ती नळीत अधिक वेळ राहते आणि वेध बाहेर फाकतात. शीघ्र असेल तर आडवे छेदतात. एका जुवाला जोडलेल्या दोन बैलांची चाल जुळावी तसे हे आहे. एकाचा वेग बदलला की नांगर वाकडा जातो. उष्णतेनेही कॉर्डाइटचा दाब वाढे, म्हणून भारत व आफ्रिकेसाठी कमी दारूची वेगळी ‘उष्णकटिबंधीय’ काडतुसे निघत. रायफल कोणत्या भरणीवर नियमित केली आहे हे बहुधा तिच्यावर किंवा निर्मात्याच्या वहीत लिहिलेले असते. हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या उपलब्ध आहेत आणि क्रमांक कळविल्यास मूळ तपशील मिळू शकतो. नळ्या, ॲक्शन आणि पुढचे लाकूड यांवरील क्रमांक जुळतात की नाही हे तेव्हाच पडताळावे. नळीचे तोंड कापून आखूड केलेले असेल तर पाचरच गेली, नियमन संपले आणि रायफल संग्रहासाठीही उरली नाही.

म्हणून दुनळीची अंतिम परीक्षा झाडूनच होते. प्रथम एका नळीत खरे काडतूस आणि दुसरीत केवळ टोपी असलेली रिकामी पुंगळी घालून फैर झाडावी, मग नळ्या बदलून. धक्क्याने दुसरी टोपी फुटली तर घोड्याची अडक झिजली आहे आणि दोन्ही नळ्या एकदम सुटण्याचा धोका आहे. नंतर पन्नास यार्डांवर उजवी, लगेच डावी, मग नळ्या पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा तोच क्रम. चार गोळ्या तीन इंचांत पडल्या तर नियमन उत्तम. दोन्ही नळ्यांचे वेध स्वतंत्रपणे एकत्र पण परस्परांपासून फाकलेले असतील तर दोष भरणीचा असू शकतो आणि तो सुधारता येतो. एकाच नळीचे वेध विखुरलेले असतील तर दोष नळीचा आहे. मॅगझिन रायफलीत पेटी पूर्ण भरून मऊ टोकाची आणि घन अशी दोन्ही प्रकारची काडतुसे वेगाने चालवावीत. शेवटच्या काडतुसाची गोळी धक्क्यांनी पुंगळीत आत दबली आहे काय, पेटीचा तळ आपोआप उघडतो काय, दुर्बिणीचे स्क्रू ढिले होतात काय, हे पाहावे. हे तिन्ही दोष घरी, मेजावर, कधीच आढळत नाहीत.

किमतीचा विचार इतक्या उशिरा येतो, कारण वरील परीक्षांपूर्वी किंमत ही निराधार संख्या आहे. सशर्त ग्राह्य रायफलीत अट म्हणजे दोषाच्या दुरुस्तीचा लेखी अंदाज, ज्याच्या हातून ती दुरुस्ती व्हावयाची त्याच कारागिराने दिलेला. मॅगझिन रायफलीत असा अंदाज सहसा किमतीच्या लहानशा अंशाइतका असतो. दुनळीत बिजागरी पुन्हा जुळविणे, डाक नव्याने लावणे आणि नियमन करणे ही तिन्ही कामे एकाच वेळी निघाली तर खर्च एखाद्या चांगल्या मॅगझिन रायफलीइतका होऊ शकतो. तेव्हा शिकारीचे प्रयोजन असणाऱ्याने दुनळीचा मोह सोडून .416 रिग्बी घ्यावी. 1911 पासून चालत आलेले हे काडतूस 410 ग्रेनची गोळी .470 च्या जवळपास तेवढ्याच ऊर्जेने फेकते आणि मोठ्या पुंगळीमुळे चेंबरचा दाब कमी राहतो, त्यामुळे उन्हातही पुंगळी सुटी निघते. खरेदीचा करार लेखी असावा आणि त्यात झाडून पाहण्याची मुदत, त्या मुदतीत रायफल परत करण्याचा हक्क आणि चेंबरच्या साच्याची मापे या तीन गोष्टी नमूद असाव्यात. विक्रेत्याला यांतील एकही मान्य नसेल तर रायफल त्याज्य समजावी, मग तिच्यावर कोणाचेही नाव कोरलेले असो.